आधी मालकी, मग कडी, मग नाव

“आधी मालकी, मग कडी, मग नाव. हा क्रम चुकलीस ना, तर दार सताड उघडं राहील आणि तुला पत्ताही लागणार नाही.”

हे काम शिकवणाऱ्या मास्तरांचं हे वाक्य मावशीच्या कानात रोज सकाळी वाजायचं. मास्तर जाऊन बराच काळ लोटला होता. पण कॉम्प्युटरपुढे बसलं की क्षणभर हात जोडायचे आणि पहिली कळ दाबायच्या आधी ते वाक्य मनात म्हणायचं, हा तिचा नेम होता. ऑफिसातली माणसं हसायची. “मावशी, आज कुठल्या देवाला कडी लावलीत?” असं विचारायची. मावशीही हसून काहीतरी उत्तर द्यायची. पण तिचा आवाज एवढा मऊ, की शेजारच्या टेबलापर्यंत पोचता पोचता दमायचा. त्यामुळे तिची उत्तरं बहुधा तिच्यापाशीच राहायची.

मावशी हे नाव तिला ऑफिसने दिलेलं नव्हतं, जावयाने दिलं होतं. जावई म्हणजे तिच्या भाचीचा नवरा. त्याच इमारतीत, तळमजल्यावर, भांडार विभागात कामाला. लग्न झालं त्याच आठवड्यात भरल्या जिन्यात त्याने हाक मारली होती, “मावशी, चिंगीने डबा दिलाय. जेवायला या!” झालं. तेव्हापासून साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती मावशीच. नवा माणूस आला की त्या हाकेवरून तिला चहावाली समजायचा आणि दोन कप सांगायचा. ती निमूटपणे खऱ्या चहावाल्याला निरोप द्यायची. खरं तर त्या इमारतीतले सगळे कॉम्प्युटर ज्या एका मोठ्या जुन्या यंत्राला जोडलेले होते, त्याची राखण तिच्याकडे होती.

जावई सगळ्यांना आवडायचा. कधी आवाज चढवणार नाही, कोणाला उलटून बोलणार नाही. सुट्टीच्या दिवशी शब्दकोडं घेऊन बसायचा आणि चहा थंड व्हायच्या आत सोडवून मोकळा व्हायचा. एकदा जेवताना त्याने मावशीला विचारलं होतं, “तुमचं ते टर्मिनल टर्मिनल म्हणतात ते नक्की काय असतं हो?” घरात कोणी तिच्या कामाबद्दल विचारायची ती पहिलीच वेळ. मावशीने हरखून सगळं सांगितलं. दोन तोंडांची नळी समज, म्हणाली. एक तोंड प्रोग्रामकडे, दुसरं बसलेल्या माणसाकडे. माणूस जे टंकतो ते नळीतून जातं. म्हणून नळी उघडताना आधी तिच्यावर मालकाचं नाव घालायचं आणि परक्याला वाचता येणार नाही अशी परवानगी लावायची. मग तिची कडी काढायची. मग तिचं नाव विचारायचं आणि ते मालकाच्या हाती द्यायचं.

“आणि परवानगी लावायला विसरलं तर?” जावयाने विचारलं होतं.

“तर कोणीही त्या तोंडाला तोंड लावावं. पण तसं होत नाही.”

“वा,” जावई म्हणाला होता आणि चिंगीकडे बघून हसला होता.

चिंगी मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ना, ते मावशीने खरं करून दाखवलं होतं. चिंगी शाळेत असतानाच बहीण गेली, आणि मावशीने तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं. लहानपणी चिंगी अंधाराला घाबरायची. मग मावशी दाराबाहेर बसून सांजेची प्रार्थना हळू आवाजात म्हणायची, आणि आत चिंगीला झोप लागायची.

अशी ती चिंगी महिन्यापूर्वी एका सकाळी दारात उभी राहिली. उजवा हात ओढणीत गुंडाळलेला. मावशीने ओढणी सोडली तर हाताची बोटं वळत नव्हती.

“तो ओरडत नाही गं मावशी,” चिंगी म्हणाली. “ओरडला असता तर शेजाऱ्यांना तरी कळलं असतं.”

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आधार कक्ष होता. घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्या बायकांना तिथे आधार मिळायचा. तिथल्या समुपदेशक मॅडम जाड भिंगाच्या, फटकळ, पण मनाने लोण्यासारख्या. त्यांनी चिंगीची सोय केली. आधी एका ठिकाणी, आणि कालपासून दुसऱ्या. दुसरं घर कुठे आहे ते दोनच माणसांना ठाऊक होतं. मॅडमना आणि मावशीला. चिंगीचा फोनसुद्धा काढून घेतला होता, कारण फोनचा माग काढता येतो.

निरोप घेताना चिंगीने मावशीचा पदर धरून ठेवला होता. “आणि इथूनही हलावं लागलं तर? मला कोण सांगणार?”

“मी. मी स्वतः येईन. दाराला हात लावणार नाही, बेल वाजवणार नाही, नावाने हाक मारणार नाही. बाहेर उभी राहून आपली सांजेची प्रार्थना म्हणेन. ती ऐकलीस तरच उघड. दुसऱ्या कोणी तुझं नाव घेऊन किती गोड हाक मारली तरी कडी काढायची नाही. काय?”

“वचन?”

“वचन.”

ही कालची गोष्ट. आज सकाळी मावशी आपल्या खोलीत नेमासाठी हात जोडणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“मावशी, तुम्ही वर या,” मॅडम तणतणत होत्या. “माझा कीबोर्ड अक्षरं खातोय. गेल्या आठवड्यात बदलून घेतला तरी तेच. आज तर कहर आहे. कोर्टाचा अर्ज करायचाय चिंगीच्या संरक्षणाचा, आणि हा मेला एक ओळ धड उमटू देईल तर शपथ!”

मावशी वर गेली. खोली लहानशीच. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट, आणि भिंतीवर कक्षाचे नियम लिहिलेला मोठा फलक. मॅडमनी अर्जातली पत्त्याची ओळ तीन वेळा टंकली होती, आणि पुरावा म्हणून तिन्ही ओळी तशाच ठेवल्या होत्या.

जुन्या टामागची गल्ली

न्या टाकीमाग गल्ली

जुन्या टाकीगची ल्ली

“बघा. जुन्या टाकीमागची गल्ली, एवढं साधं लिहायचंय. दर वेळी वेगळंच गायब. कळ दाबली की आवाज येतो, पण पडद्यावर काही नाही.”

“बिघडलेली कळ दर वेळी तीच असते,” मावशी म्हणाली.

“तेच म्हणते मी. हे बघा, इथे ‘ची’ खाल्लं, तिथे नाही खाल्लं. भुताटकी आहे नुसती.”

मावशी ओळींवर वाकली. अक्षर हरवलं असं आपण म्हणतो. पण या यंत्रात अक्षर हरवत नाही. दाबलेली कळ नळीत पडते आणि ज्याने नळीच्या तोंडाला हात लावलाय त्याच्या हाती जाते. तिथे एकच हात असेल तर सगळी अक्षरं त्यालाच मिळतात. दोन हात असतील, तर ज्याचा हात आधी पोचेल त्याला ते अक्षर. मग मॅडमच्या पडद्यावर जे आलं नाही ते दुसऱ्या कोणाच्या तरी पडद्यावर आलं असणार.

ती शेजारच्या टेबलावर बसली. आपल्या नावाने यंत्रात शिरली. हात जोडायचं त्या दिवशी तिला पहिल्यांदाच सुचलं नाही. तिने मॅडमच्या टर्मिनलची परवानगी तपासली.

मालक वाचू शकतो, लिहू शकतो. इथवर ठीक. पण शेवटी जिथे परक्यांसाठी काहीच असायला नको, तिथेही तेच. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं. तिने दुसरं टर्मिनल पाहिलं. तिसरं पाहिलं. इमारतीतली सगळी दारं सताड उघडी होती.

“काय झालं? चेहरा का असा पांढरा पडलाय?” मॅडमनी विचारलं.

मावशीने बोट ओठांवर ठेवलं. का ठेवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ऐकणारा कानाने ऐकत नव्हता. मग तिने यंत्राला विचारलं, की या टर्मिनलच्या तोंडाला या क्षणी कोणाकोणाचा हात आहे. उत्तरात दोन नावं आली. एक मॅडमचं. दुसरं भांडार विभागाचं.

भांडार विभागात कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस एकच होता.

“मॅडम,” मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की मॅडमना खुर्ची सरकवून जवळ यावं लागलं. “कीबोर्ड चांगला आहे. तुमची अक्षरं खाली जातायत. जावयाकडे.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाल्या, “मी तीन वेळा लिहिलं, मावशी. तीन वेळा.”

मावशी पडद्यावरच्या तिन्ही ओळींकडे बघत होती. पहिल्या ओळीतून गेलं ‘की’. दुसरीतून ‘जु’ आणि ‘ची’. तिसरीतून ‘मा’ आणि ‘ग’. जु, की, मा, ची, ग. तळमजल्यावर एक माणूस पाच अक्षरं समोर घेऊन बसला होता, आणि तो माणूस चहा थंड व्हायच्या आत कोडं सोडवायचा.

“घराचा आकडा?” तिने विचारलं.

“तो खालच्या रकान्यात आहे. तिन्ही वेळा बरोबर आला. हा बघा.”

आकडा तिन्ही वेळा पडद्यावर शाबूत होता. म्हणजे तो खाली गेला नव्हता. “देवाने एवढं तरी राखलं,” मावशी पुटपुटली. “गल्ली त्याच्याकडे असेल. घर नाही.”

तिने फोन उचलून उरक्याला वर बोलावलं. उरक्या तिचा सहकारी. मास्तर गेल्यावर हाताशी म्हणून मिळालेला. कामाचा उरक असा दांडगा की नावच पडलं. तो शीळ घालत आला आणि दोघींचे चेहरे बघून दारातच थांबला.

“टर्मिनल उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये तू काय केलंस?” मावशीने विचारलं.

“काही नाही हो. वर्षापूर्वी थोडी साफसफाई केली. प्रोग्राम कामासाठी छोटी छोटी पोरं, म्हणजे मदतनीस प्रोग्राम, जन्माला घालतो ना, ती काम संपवून मरून पडायची आणि यंत्रात तशीच साचायची. म्हणून मी एक गोळा करणारा बसवला. पोर संपलं रे संपलं की उचललंच त्याने.”

“आणि मग परवानगी लावणं बंद पडलं.”

उरक्या चपापला. “तुम्हाला कसं कळलं? हो, मालकी आणि परवानगी लावणारं ते ग्रँटपीटी एकाएकी नाही म्हणायला लागलं. कारणच सापडेना. लोकांची टर्मिनलं उघडेनात, सगळीकडून फोन. म्हणून मी तात्पुरतं सगळ्यांना सगळं खुलं करून टाकलं. तात्पुरतं हो!”

मावशीने डोळे मिटले. मास्तर फळ्यापाशी उभे होते. “ग्रँटपीटी स्वतः मालकी बदलू शकत नाही,” ते सांगत होते. “या जुन्या यंत्रावर ती आपलं एक पोर त्या कामाला धाडते आणि ते परत येईपर्यंत दारात वाट बघत उभी राहते. त्या वाटेवर दुसरा कोणी पोरं उचलणारा बसवू नकोस. तो तिचंही पोर उचलून नेईल. ती बिचारी वाट बघून बघून शेवटी म्हणेल, जमलं नाही.”

“तुझ्या गोळा करणाऱ्याने तिचं पोर उचललं, उरक्या,” मावशी म्हणाली. “म्हणून ती नाही म्हणाली. ती नाही म्हणत होती तेव्हा तू तिला विचारायचं होतंस. तू तर दारच काढून ठेवलंस.”

“आत्ता बंद करतो. एका मिनिटात सगळी टर्मिनलं—”

“थांब!” मावशी म्हणाली, आणि तिच्या तोंडून इतका मोठा शब्द निघालेला कोणी ऐकला नव्हता. “बंद केलंस तर त्याला कळेल. कळलं की तो उठेल. आत्ता तो बसलाय, कारण त्याला अजून काहीतरी हवंय.”

बाहेर जिन्यात कोणीतरी मोठ्याने हसत चाललं होतं. पावलं दाराशी आली तशी मावशीने दाराकडे पाहिलं. पावलं पुढे गेली.

मॅडमनी पोलिसांना फोन लावला. बराच वेळ हो हो करत राहिल्या आणि शेवटी फोन ठेवला. “पाठवतो म्हणाले. कधी ते नाही म्हणाले.” मग त्या पुढे वाकल्या, त्यांचे डोळे चमकले. “मावशी, एक करू या का? त्याला अक्षरंच हवीत ना? घालू या अक्षरं. गावाच्या दुसऱ्या टोकाचा खोटा पत्ता टंकते मी. जाऊ दे मेल्याला उन्हातान्हात तंगड्या तोडत.”

“भारी!” उरक्या म्हणाला.

क्षणभर मावशीलाही ते पटलं. खोटं बोलायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा नेम. पण चिंगीसाठी नेम मोडला असता तर देवाने तिला काय केलं असतं? पण मग तिच्या डोळ्यापुढे ते दुसरं टोक आलं. तिथलं एक दार आलं. त्या दारामागे भाजी चिरत बसलेली कोणीतरी बाई आली.

“नको,” ती म्हणाली. “पत्ता खोटा असला तरी दार खरंच असतं. तो कोणाच्या तरी दारात उभा राहील. आत कोण असेल आपल्याला ठाऊक नाही.”

मॅडम खजील झाल्या. “मग काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं?”

“नाही. तुम्ही टंकत राहा. खरंच टंका. तो फलक बघा भिंतीवर, तो टंका. तुमची अक्षरं गायब होत राहतील तोवर तो खुर्चीत आहे. अक्षरं खाल्ली जातायत म्हणजे खाणारा जागेवर आहे.” मग ती उरक्याकडे वळली. “मी प्रोग्राम दुरुस्त करते. तू माझ्यामागे उभा राहून वाच. लावायचा मात्र मी सांगेन तेव्हाच.”

मॅडम टंकू लागल्या. आलेल्या बाईला आधी बसायला द्यावे. पडद्यावर उमटलं, आल्या बाईला आ बसायला द्यावे. तिला प्रश्न नंतर विचारावेत. तिला प्रश नंतर विचाावेत. एकेक अक्षर गळत होतं, आणि मावशी मान न वळवता विचारत होती, “खातोय?”

“खातोय.”

“ठीक.”

असं उफराटं काम तिने कधी केलं नव्हतं. आयुष्यभर ती चूक दिसली की मिटवत आली होती. आज चूक चालू राहावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. तिची बोटं मात्र चालत होती. आधी गोळा करणाऱ्याला थोडा वेळ वाटेतून बाजूला बसवलं. मग ग्रँटपीटीला बोलावलं, म्हणजे मालकी आणि परवानगी. तिचं पोर सुखरूप परत येऊ दिलं. मग कडी काढणं. मग नाव विचारणं. मग गोळा करणाऱ्याला परत जागेवर. आणि ग्रँटपीटी नाही म्हणाली, तर तिथेच थांबायचं, टर्मिनल उघडायचंच नाही.

“एवढंच होतं?” मागून उरक्या कुजबुजला. त्याचा आवाज ओला झाला होता.

“एवढंच असतं,” मावशी म्हणाली. “खातोय का, मॅडम?”

“खातोय. पण कमी झालंय.”

मावशीने मान वळवली. तेवढ्यात तिला सुचलं. ती यंत्रात शिरली होती ती स्वतःच्या नावाने. या यंत्रावर कोण कोण बसलंय ते कोणालाही विचारता येतं. तो तिला जसा दिसत होता, तशी तीही त्याला दिसत होती. आधार कक्षातून आलेलं तिचं नाव सकाळपासून त्याच्या पडद्यावर असणार.

“मावशी...” मॅडमचा आवाज फाटला. “मी हे नाही लिहिलं. माझे हात बघा, मी कशालाही हात लावलेला नाही!”

त्यांचे दोन्ही हात हवेत होते. पडद्यावर, अर्धवट नियमांच्या मधोमध, एक अख्खी ओळ उमटली होती. तिच्यातलं एकही अक्षर गळलेलं नव्हतं.

मावशी, मी मुळीच रागावलेलो नाही. चिंगीकडे जेवायला जातोय. तुम्ही पण या.

उरक्याने भिंत धरली. मावशीला त्या ओळीतून त्याचा आवाजही ऐकू आला, जिन्यातला, प्रेमळ, सगळ्यांना आवडणारा.

“टंका,” ती म्हणाली.

“अहो, पण—”

“एक ओळ टंका, मॅडम. फलकावरची शेवटची.”

मॅडमनी टंकली. इथे आलेल्या कोणालाही परत पाठवले जात नाही. ओळ पडद्यावर आली. वेलांटी नाही गळली, काना नाही गळला. सगळी अक्षरं एकामागून एक, धडधाकट, शहाण्या पोरांसारखी ओळीत उभी राहिली. मॅडम त्या शाबूत ओळीकडे बघून रडू लागल्या.

खुर्ची रिकामी झाली होती.

मावशी उठली. मनातलं वादळ एकाएकी निवलं होतं. तो मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाणार. तिला नाल्यावरच्या लोखंडी पुलाची पायवाट माहीत होती. त्याच्याकडे गल्ली होती, घर नव्हतं. तो गल्लीत उभा राहून गोड आवाजात चिंगी, चिंगी म्हणून हाका मारत फिरेल आणि कुठली खिडकी हलते ते बघेल. चिंगी खिडकी हलवणार नाही. वचन दोघींचं होतं.

“उरक्या, आता लाव,” ती म्हणाली. “सगळी दारं बंद कर. आणि इथेच थांब, मॅडमना एकटं सोडू नकोस. पोलीस आले तर घराचा आकडा मॅडम तोंडी सांगतील. टंकायचं नाही.”

“मी येतो ना तुमच्याबरोबर. तुम्ही एकट्या कशा—”

“चिंगी माझ्या एकटीसाठी दार उघडणार आहे.”

“आणि तो आधीच तिथे असला तर?” मॅडमनी विचारलं. “तुम्ही बाहेर उभ्या राहून प्रार्थना म्हणणार, आणि तो ऐकणार नाही का?”

मावशी दारात थांबली. हाच प्रश्न मघापासून तिच्याही मनात होता. मग तिच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं, अगदी पुसट.

“माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचत नाही म्हणून सगळे हसतात ना,” ती म्हणाली. “दाराच्या पलीकडे पोचला म्हणजे झालं.”

पुढचा जिना भांडाराच्या दारावरून जायचा. तिने मागचा घेतला. चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि भिंतीच्या कडेकडेने उतरू लागली. एका मजल्यावर कोणीतरी ओळखीचं भेटलं, म्हणालं, “काय मावशी, चहा?” तिने मान हलवली आणि पुढे गेली. खालच्या दारातून ऊन आत आलं होतं. चपला घालता घालता तिने दोन्ही हात जोडले, सकाळी राहून गेलेले. मग प्रार्थनेची पहिली ओळ ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. थोडी मोठी झाली. तिने ती आणखी हळू म्हटली, आणखी हळू, एका दाराला पुरेल आणि गल्लीला ऐकू जाणार नाही एवढी. तेवढा सूर जमला तशी ती नाल्याच्या पायवाटेला लागली.